पॉइंट सात

पुंता अरेनासला ऑक्टोबरात वारा सुटला
की नगरपालिका चौकात दोर बांधते,
माणसांना धरून चालायला.
आणि नियमावली म्हणते:
प्रकल्प बंद सभागृहातच चालवून दाखवावा.

म्हणून यास्ना बार्रीआ माझ्याकडे आली,
शाळेच्या शिपायाकडे,
टेबलफॅन मागायला.

याआधी तिने बेअरिंग मागितलं होतं.
वसतिगृहाचं बंद पडलेलं वॉशिंग मशीन उघडून
मी ते काढून दिलं, गंज रॉकेलने पुसून.
फिरवून पाहिलं, तर एका अंगाला लचकत होतं
माझ्या गुडघ्यासारखं.
चालेल, म्हणाली.

मग निळं पिंप उभं चिरलं,
दोन्ही अर्धी तोंडं फिरवून एका दांड्यावर बसवली,
खाली सायकलचा डायनॅमो,
आणि सव्वीस दिवस छपरावर
वहीवर वीट ठेवून ती आकडे घेत राहिली.
एकोणिसाव्या रकान्यात आकडा नाही.
तिथे लिहिलंय:
पातं उडालं. मासळीच्या धक्क्यावर सापडलं.

आज जिममध्ये बत्तीस टेबलं.
सिरिंजांतल्या पाण्यावर हलणारा रोबोटचा हात.
स्पॅगेटीचा पूल, त्याला टांगलेली बादली,
तिच्यात पेल्यापेल्याने वाळू ओततायत
आणि ज्यांनी तो तीन आठवडे चिकटवला
तीच पोरं श्वास रोखून
तो मोडायची वाट बघतायत.
शेजारी नेल्सन मान्सिलाचा लंबक:
गुरुत्वाकर्षण नऊ पॉइंट आठ एक,
हुबेहूब पुस्तकातलं,
जरी आठवडाभर पलीकडे बास्केटबॉल आपटत होता
आणि जमिनीच्या फळ्या
माझ्या बुटांतूनसुद्धा थरथरत होत्या.

परीक्षक बाई बंदरावरच्या.
टगबोटींची इंजिनं खोलतात,
नखांत काळं तेल, कानामागे पेन्सिल.
पंखा बघून हसल्या:
चाळीस वॅट खाऊन पाव वॅट देतो होय
तुझा कारखाना?
यास्नाही हसली. लाल झाली.

मग बाईंनी आलेखावर बोट टेकवलं.
वारा दुप्पट, तर शक्ती आठपट.
म्हणजे घातांक तीन यायला हवा.
तुझा दोन पॉइंट तीन.
उरलेलं पॉइंट सात कुठे गेलं?

मी झाडू टेकवून उभा.
घातांक-बितांक मला कळत नाही,
पण काही हरवलं
की शाळेत आधी कोणाकडे बघतात
ते कळतं.

जोरात फिरलं की बेअरिंग डगमगतं, ती म्हणाली,
थोडं ते खातं.
मोठ्या वाऱ्यात डायनॅमो दमतो.
थोडं तारेत गरम होऊन जातं.
आणि थोडं...
तिने वही पुढून उलटली, मागून उलटली.
थोडं कुठे गेलं ते मला सापडलं नाही.

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली,
बराच वेळ काहीतरी लिहिलं.
मला दिसलं नाही.

पहिला आला रोबोटचा हात. दुसरा लंबक.
यास्नाला प्रमाणपत्र,
आडनावात एक र कमी.

आठ वाजता झाडायला घेतलं.
स्पॅगेटीचे तुकडे, वाळू, एक स्प्रिंग,
कोणाचा तरी गोल चुंबक, जो केरभरणीला चिकटून बसला
आणि मी तिथेच राहू दिला.
तिच्या टेबलाखाली आलेखाची एक प्रत,
पाठीवर पेन्सिलने:
ग्रीस.
जाड तार.
दुसरं बेअरिंग (हा शब्द खोडलेला)
तेच बेअरिंग, नीट बसवून.
पुन्हा मोजणे.

कागद खिशात घातला. दिवे घालवले.
दार लावायला खांदा द्यावा लागला,
एवढा रेटा होता बाहेरून.
दोर धरून घरी निघालो,
गुडघा लचकत,
मध्येच थांबून विचार केला,
आत्ता किती असेल?